वारा वाढला की काइट लहान

वाचकांचे प्रश्न : काइटसर्फिंग

मी मांद्र्याची. गोव्यात आश्वे आणि मोरजीच्या किनाऱ्यावर अकरा वर्षे काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डावर उभे राहून पाण्यावरून जाणे, शिकवते. या वेळी आलेल्या प्रश्नांतले तीन जोराच्या वाऱ्याबद्दल आहेत, म्हणून तेच घेतले.

प्रश्न : माझे वजन ७८ किलो. दोन हिवाळे मोरजीला येऊन शिकलो, आता वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन परत येता येते. माझ्याकडे १२ चौरस मीटरचा एकच काइट आहे. गेल्या मार्चमध्ये वारा वाढला तेव्हा बाकीचे लहान काइट काढून पुन्हा पाण्यात गेले आणि मी किनाऱ्यावर बसून राहिलो. दुसरा घ्यायचा आहे. मित्र म्हणतो ७ घे. विक्रेता म्हणतो १० घे, सगळीकडे चालेल. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही बसून राहिलात हे फार चांगले केलेत. त्या दिवशी १२ घेऊन उतरला असता तर आज हा प्रश्न वेगळाच असता.

आधी हिशेब. वजनाला २.२ ने गुणायचे आणि वाऱ्याच्या नॉटमधल्या (ताशी सागरी मैलांतल्या) वेगाने भागायचे, म्हणजे काइटचे चौरस मीटर येतात. तुमचे ७८ गुणिले २.२ म्हणजे साधारण १७२. वारा १४ नॉट असेल तर १२ चा काइट, १९ असेल तर ९ चा, २५ असेल तर ७ चा. हा ठोकताळा आहे आणि तो दोन्ही टोके सारखी असलेल्या साध्या ट्विन-टिप बोर्डासाठी आहे, फॉइलवर (पाण्याखाली पंख असलेल्या बोर्डावर) उभे राहणाऱ्याला याहून लहान पुरतो. मोबाइलवर वारा किलोमीटरमध्ये दिसत असेल तर १.८५ ने भागा, नॉट मिळतील.

आता आमचा वारा. डिसेंबर ते एप्रिल सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, तो हळूहळू पडतो. अकरा-बाराच्या सुमारास समुद्र तेलासारखा सपाट. मग उत्तरेला हरमलच्या बाजूने पाण्याचा रंग गडद होत खाली येतो आणि वायव्येचा खारा वारा लागतो. बहुतेक दुपारी तो १२ ते १६ नॉटच्या आसपास असतो. तुमचा १२ त्यासाठी बरोबर आहे. वीसच्या वरचे दिवस मोजके, आणि ते बहुतेक मार्च-एप्रिलमधले.

म्हणून माझे उत्तर : ९ घ्या. १० हा १२ च्या इतका जवळ आहे की ज्या दिवशी १२ जड होतो त्या दिवशी थोड्याच वेळात १० ही जड होईल. ७ गोव्यात वर्षभर पिशवीतच राहील. मे ते सप्टेंबरमध्ये रामेश्वरमला किंवा श्रीलंकेत कल्पिटियाला जाणार असाल, तिथे नैऋत्येचा वारा दिवसच्या दिवस जोरात वाहतो, तर मात्र ९ नंतर ७ घ्या. आधी ९.

एक गोष्ट हिशेबात दिसत नाही, ती सांगते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की काइटची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. १८ नॉटच्या वाऱ्यात २६ चा झोत आला तर हातातली ओढ एका क्षणात दुपटीवर जाते. म्हणून काइट सरासरी वाऱ्याला निवडायचा नाही, झोताला निवडायचा. पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटे वाळूवर उभे राहा. दूरवर चारदोन पांढरे फेस दिसत असतील तर एक गोष्ट, सगळा समुद्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरला असेल तर दुसरी. फेस वाढत चालले असतील तर वाढल्यानंतर जो काइट लागेल तोच आत्ता फुगवा. थोडी ओढ कमी पडली तर फार तर भिजत चालत परत याल.

जुना घेणार असाल तर साल विचारा. हवेने फुगवलेल्या नळ्यांचा, पाण्यात पडून पुन्हा उठणारा काइट ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी काढला, पेटंट १९८४ चे. पण बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, पुढे ढकलला की ओढ जवळजवळ संपावी, ही सोय त्यांच्याच बो (धनुष्य) आकाराच्या काइटने २००५ च्या सुमारास बाजारात आणली. त्याआधीचे इंग्रजी सी अक्षरासारखे खोल वळणाचे काइट बार सोडला तरी बऱ्यापैकी ओढत राहतात. जोराच्या वाऱ्यासाठी तसला कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. बाकी कापड दोन बोटांत चुरगाळून बघा : करकर आवाज आला तर जीव आहे, जुन्या साडीसारखे मऊ लागले तर सोडा. आणि पैसे देण्याआधी काइट रात्रभर फुगवून ठेवायला सांगा. सकाळी नळी टणक हवी.

प्रश्न : माझे वजन ५२ किलो. वारा कमी असतो तेव्हा मी छान चालवते. पण वारा चढला की काइट जोडतानाच हात कापतात, आणि आपण काहीतरी चुकीचे बांधले आहे असे सारखे वाटत राहते. एकदा काइट वर गेल्यावर मागे मागे पडत होता, का ते कळले नाही. जोडणी नीट तपासायची कशी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, हात कापतात याचा अर्थ तुम्हाला कळते आहे की समोर काय आहे. ती भीती घालवू नका, तिला काम द्या.

माझे सांगते. २०१९ चा मार्च, आश्वे. वारा चढत होता, मी घाईत ९ चा काइट जोडला. काइट धरायला रोजचा मुलगा नव्हता, फिरायला आलेल्या एका माणसाला विनंती केली. त्याने भल्या मनाने धरला आणि मी अंगठा दाखवल्यावर सोडला. मागची एक दोरी काइटच्या टोकाला वळसा घालून गेली होती. त्याला ते दिसायचे कारण नव्हते, बघायचे काम माझे होते. काइट वर चढलाच नाही, अर्ध्यावर गिरकी घेऊन खाली आला आणि पुन्हा गिरकी. मी वाळूवरून पंधराएक पावले फरफटत रापणीच्या होडीकडे गेले. होडी दोन हातांवर असताना रिलीज (काइटची ओढ तोडणारी कळ) दाबला गेला. उजवा खांदा तीन महिने वर होत नव्हता. आजही पावसाळी हवेत दुखतो.

तेव्हापासून मी डोळ्यांनी तपासत नाही, बोटांनी तपासते. काइट फुगवून, पुढची फुगीर नळी वाऱ्याकडे टेकवून, कापडावर ओली वाळू टाकते. कोरडी वाळू जोराच्या वाऱ्यात उडून जाते आणि पाच मिनिटांत काइट मोकळा होतो. मग बारपासून चालत निघायचे, चार दोऱ्या चार बोटांच्या फटींत. मधल्या दोन पुढच्या, कडेच्या दोन मागच्या. चालता चालता गुंता असेल तर बोटाला लगेच कळतो. टोकाशी पोहोचल्यावर प्रत्येक फास हाताने आवळायचा आणि मोठ्याने म्हणायचे : पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. बारची लाल बाजू डाव्या हाताला. लोक बघतात, बघू देत. मग बारकडे परत येऊन तो छातीपर्यंत उचलायचा आणि दोऱ्यांवरून नजर थेट काइटपर्यंत न्यायची. कुठे दोरी दोरीवरून गेली असेल तर ती तिथेच सापडते.

काइट मागे पडत होता त्याचे कारण बहुधा दोऱ्यांची लांबी. पुढच्या दोन दोऱ्या जास्त भार घेतात, वर्षा-दोन वर्षांत त्या ताणून लांब होतात. मग मागच्या तुलनेने आखूड पडतात, म्हणजे बार पुढे ढकललेला असला तरी काइटला तो ओढल्यासारखाच वाटतो. असा काइट वर गेला की शेपटीकडे घसरतो आणि वाऱ्याच्या भर ओढीत जाऊन पडतो. हलक्या वाऱ्यात हे नुसते चीड आणणारे, जोराच्या वाऱ्यात धोक्याचे. तपासणे सोपे आहे. आमच्या अंगणात माडाच्या बुंध्याला एक खिळा आहे. चारही दोऱ्यांची टोके त्याला अडकवायची, ट्रिमचा पट्टा (पुढच्या दोऱ्या आखूड करून ओढ कमी करणारा) पूर्ण मोकळा सोडायचा आणि बार पूर्ण आत घेऊन सारख्या ताणाने मागे जायचे. बार सरळ आणि चारही ताठ असतील तर ठीक. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या पुढच्या दोऱ्या चार बोटे ढिल्या निघाल्या, तिला वाटत होते काइटच खराब आहे. जोडणीच्या आखूड दोरीवर ओळीने गाठी असतात. मागच्या दोऱ्या एक गाठ बाहेर सरकवल्या आणि काइट सरळ झाला. हे दर दोन महिन्यांनी करा.

उठवताना ट्रिम बराचसा आत ओढून ठेवा, हवा तर नंतर सोडता येतो. आमच्याकडे वारा समुद्राकडे तोंड केले की उजवीकडून, थोडा जमिनीकडे येतो. म्हणून काइट नेहमी समुद्राच्या बाजूने उठवायचा, सुरूच्या झाडांच्या बाजूने कधीही नाही. धरणारा माणूस ओळखीचा हवा, आणि त्याला आधीच सांगून ठेवा : मी मान हलवेपर्यंत सोडायचा नाही. काइट त्याच्या हातातच जोराने ओढत असेल तर तुमची जागा चुकली आहे, खाली ठेवायला सांगा. मोरजीला तेंबवाड्याकडे कासवांची अंडी राखलेली असतात, त्या भागात काइट पसरायचा नाही, दोऱ्याही नाही.

आणि रिलीज. दर वेळी, काइट जोडण्याआधी, चिकन लूपचा (बारखालच्या, कमरेच्या पट्ट्याला अडकणाऱ्या कडीचा) रिलीज एकदा उडवून पुन्हा बसवा. डोळे मिटून, एका हाताने, मग दुसऱ्या हाताने. वाळू आणि मीठ त्याच्या आत जाऊन बसते आणि पंधरा दिवसांत तो घट्ट होतो. घरी आल्यावर बार गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, नुसता वरून नळ सोडून भागत नाही. रिलीज उडाला की काइट एका पुढच्या दोरीवर झेंड्यासारखा फडफडत खाली येतो. तरीही ओढत राहिला तर लीशचा, म्हणजे काइटला तुमच्याशी बांधून ठेवणाऱ्या दोरीचा, दुसरा रिलीज. हार्नेसमधली (कमरेच्या पट्ट्यातली) सुरी त्याच्याही नंतर. हा क्रम हाताला पाठ हवा, कारण त्या वेळी डोके चालत नाही. माझे चालले नव्हते, हात चालला.

तुमच्या वजनाला २२ नॉटमध्ये पाच ते सहाचा काइट. सोबतच्या पुरुषांनी ९ काढला म्हणून तुम्ही ८ काढू नका.

प्रश्न : मी फोंड्यात राहतो. जूनमध्ये मोरजीला उभे राहिलो तर वारा अंगावर येतो, हिवाळ्यात तसा मिळतच नाही. सगळे पावसाळ्यात बंद का करतात? लहान काइट घेऊन उतरले तर?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. ७ नको, ५ ही नको.

हिवाळ्याचा वारा किनाऱ्याला तिरका असतो, म्हणून पडलात तरी वाळूला समांतर वाहत जायला जागा मिळते. पावसाळ्याचा वारा सरळ जमिनीकडे येतो. पडलात तर मागे माड, सुरू, शॅकचे उरलेले खांब. काळा ढग डोक्यावर आला की २० नॉटचा वारा बघता बघता ३५ होतो, म्हणजे ओढ तिप्पट. वेधशाळेच्या मच्छीमारांसाठीच्या सूचनेत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर असे लिहिलेले असते, ते २४ ते ३० नॉट होतात, आणि झोत त्याच्या वर. किनाऱ्यालगत फुटणारी लाट इतकी जड असते की तिने काइटची नळी फाटते. दोऱ्या पाण्यात पायाला गुंडाळतात. शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीची ओढ माणसाला बाहेर नेते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे तुम्हाला बघायला समुद्रात ट्रॉलरही नसतो. जीवरक्षकांनी लाल बावटा लावलेला असतो, आणि त्यांना तुमच्यासाठी त्या पाण्यात उतरायला लावणे योग्य नाही.

हे चार महिने फोंड्यातच चांगले काम आहे. बार आणि दोऱ्या घेऊन घरामागे खिळ्यावर मोजा, रिलीज धुवा, नळ्यांची हवा जाते का बघा. नोव्हेंबर संपताना आश्व्याला या, दुपारी दोनच्या सुमारास. काइट कोणता काढायचा ते वाळूवर उभे राहून ठरवू.