नव्या तलंगा रात्री खुराड्यात जात नाहीत, पेरूवर चढून बसतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात मागच्या अंगणात पत्र्याचं नवं खुराडं केलं, अडीच महिन्यांच्या सहा गावरान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या, आणि चार दिवस झाले तरी दिवस मावळला की त्या खुराड्याकडे ढुंकूनही न बघता पेरूवर चढतात. मग तुम्ही आणि मुलगा काठी घेऊन त्यांच्या मागे. काठी आधी ठेवा बाजूला. तिला घाबरून त्या अजून वरच्या फांदीवर जातात, बाकी काही होत नाही.

आज संध्याकाळी सातला एक करा. खुराड्यात हात घाला आणि वरच्या पत्र्याखाली दोन मिनिटं तसाच धरून ठेवा. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, दिवसभर तापलेला पत्रा सातला काही निवत नाही. आत भट्टी आणि पेरूवर वारा! तुम्ही असता तर कुठे झोपला असता?

आता तुम्हाला जो तो एकच सल्ला देईल, ‘आठवडाभर आत कोंडून ठेवा, घर ओळखतात.’ सल्ला खोटा नाही. पण तो सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि पत्र्याच्या खुराड्यात पाळायचा नाही, हे मी एक तलंग घालवून शिकले. पहिल्या वर्षी मी आठ आणल्या होत्या, अशाच वैशाखाच्या तोंडावर. कोंडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला बघायला गेले तर सगळ्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या, आणि एक कोपऱ्यात पाय ताणून पडलेली. ती गेली. बाकीच्यांना लिंबाखाली आणलं, घमेल्यात साधं पाणी घेऊन एकेकीचे पाय बुडवले, प्यायला गूळ-मिठाचं पाणी ठेवलं, तेव्हा कुठे तासाभराने माना सरळ झाल्या. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, जन्म कोंबड्यांत गेलेला. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, रातीला कोंडायचं असतंय. दिवसा कशाला कोंडलीस?”

तेव्हा आधी खुराडं थंड करा. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्यांचा जाड थर टाका आणि सुतळीने बांधा, वावटळीत उडतो. त्याखाली चुना मारलात तर उत्तमच. पश्चिमेकडून ऊन येत असेल तर त्या बाजूला बाहेरून गोणपाट सोडा आणि दुपारी ओलं करा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे मला सांगायला नको, भांडी विसळलेलं पाणी चालतं. फक्त खुराड्याच्या आत ओल जाऊ देऊ नका. ओल्या अंथरुणात रक्ती हगवण लागते आणि या वयाची पिल्लं त्यात पटापट जातात. अंथरायला मी शेंगांची टरफलं वापरते, चटणीवाल्यांकडे पोत्याने मिळतात. हातात घेऊन वास घ्या, कुबट आला तर परत करा, बुरशीची टरफलं विषासारखी.

मग दाराला लागून जाळीचा छोटा वाडा करा. वर शेडनेट, आत सावलीत पाण्याचं मातीचं भांडं. पाच-सात दिवस तलंगा दिवसा या वाड्यात, रात्री खुराड्यात. मोकळ्या अंगणात अजिबात नाही. दार उघडंच ठेवा म्हणजे त्या दिवसभर आतबाहेर करतात आणि आतली बसायची दांडी त्यांच्या नजरेखालून जाते. ओळख व्हायची ती अशी होते.

संध्याकाळचं दाणं बाहेर टाकायचं बंद करा, ते फक्त आत. मी पत्र्याच्या डब्यात मूठभर ज्वारी खुळखुळवते. त्या आवाजावर आठवड्यात अशा पळत येतात की पायात अडकतात. शिवाय आत एक छोटा पिवळा बल्ब लावा, दिवस मावळायच्या आधी अर्धा तास. कोंबडीला अंधुक उजेडात नीट दिसत नाही, ती उजेडाकडे जाते. सगळ्या दांडीवर बसल्या की बंद करा, रात्रभर ठेवू नका.

वाड्यातून सोडायला लागल्यावरही पहिल्या संध्याकाळी एखाददुसरी पेरू गाठेलच. तेव्हा तिथे नाचू नका. घरात जा, चहा घ्या. पूर्ण काळोख पडला की बॅटरीवर फडकं बांधून जा, दोन्ही हातांनी पंखांवरून धरून उचला आणि आतल्या दांडीवर ठेवा. ओरडत नाहीत, पायांनी दांडी चाचपतात आणि धरून बसतात. असं रोज. बहुतेक चौथ्या-पाचव्या रात्री तुमची गरज राहत नाही. प्रत्येक कळपात एक पुढारी असते, तिच्यामागे बाकीच्या चढतात, तिला आधी उचला. आमची पुढारीण अकरा दिवस खेळली. शेवटी मी तिच्या एकाच बाजूच्या पंखाची लांब पिसं कापली, उडताना तोल गेला आणि नाद सुटला. दुखत नाही, नखासारखंच आहे. फक्त नव्या, रक्त भरलेल्या पिसाला कात्री लावू नका.

दांडी बांबूची, मनगटाएवढी जाड, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. एकीला आठ इंच जागा धरा. अंडी घालायची खोकी दांडीपेक्षा खाली हवीत, नाहीतर त्यात झोपून घाण करतील. खरं तर अजून दोन महिने खोकी झाकूनच ठेवा, पाच-साडेपाच महिन्यांआधी अंडं येत नाही.

जाळी कोंबडीजाळी म्हणून मिळते ती नको. अर्धा इंची वेल्ड जाळी घ्या. षटकोनी जाळीतून मुंगूस तोंड घालतं, मांजर पंजा. घूस खालून उकरते म्हणून आमच्या खुराड्याखाली शहाबादी फरशीचे तुकडे आहेत. कडी साधी फिरवायची नको, कुत्रं नाकाने उघडतं.

खाद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लेयर घेतलं असेल तर परत करा. त्यातला चुना अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी असतो, या वयात जास्तीचा चुना मूत्रपिंडाला बाधतो. आता ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, सोबत ज्वारीची कणी, थोडा पालाभाजीचा कचरा. आणि लस झालीय असं विकणारा म्हणाला तर कोणती, ते विचारा. आमचा विकणारा ‘सगळं झालंय’ म्हणाला होता आणि मग सगळं म्हणजे काय ते त्यालाच सांगता येईना. या वयात मानमोडीची दुसरी, टोचायची लस आणि देवीची लस राहिली असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. बाटली निदान शंभर पक्ष्यांची असते, उघडली की टिकत नाही, म्हणून गल्लीतल्या इतर कोंबड्यावाल्यांना आधी गोळा करा.

अजून एक, सहाच्या सहा तलंगाच आहेत ना? एकीचा तुरा आत्ताच लाल आणि मोठा दिसत असेल तर तो कोंबडा आहे. कितीही झाका, पहाटे चारला शेजाऱ्यांना कळणारच, तेव्हा त्यांना अंड्यांचं आश्वासन आधीच देऊन ठेवा.

कडी लावायच्या आधी रोज मोजा. पाच भरल्या तर पेरूवर बॅटरी मारा.