गुडघा बरा झाला, तरी उडी का अडते?

मी समुपदेशक असल्याने महाविद्यालयीन खेळाडू आणि त्यांचे पालक मला वरचेवर एक प्रश्न विचारतात. शस्त्रक्रिया झाली, सांगितलेले व्यायाम पूर्ण झाले, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली, मग कोर्टवर उतरल्यावर पाय का अडखळतो? विचारणाऱ्या मुलीने बहुतेक वेळा याचे उत्तर स्वतःच ठरवलेले असते आणि ते फार कठोर असते : मी भित्री झाले, माझ्यातली खेळाडू संपली. हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. ते का चुकीचे आहे हे सांगण्यासाठी महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातील एका खेळाडूची हकीकत तिच्या संमतीने मांडत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पॉइंट गार्ड होती, म्हणजे चेंडू पुढे नेणारी आणि संघाचा खेळ चालवणारी. एका सामन्यात रिबाउंड, म्हणजे रिंगमध्ये न जाता परत उसळलेला चेंडू, घेऊन खाली येताना पुढे कोण मोकळे आहे हे पाहण्यासाठी तिने मान वळवली, डावा पाय जमिनीला टेकला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. आतून ‘टक्’ असा आवाज आल्याचे तिला स्पष्ट आठवत होते. एसीएल हे गुडघ्याला स्थिर ठेवणारे लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा बंध, तुटले होते. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि दहा महिने पुनर्वसन चालले. त्या काळात तिने फिजिओथेरपिस्टने सांगितलेला एकही व्यायाम चुकवला नव्हता. दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी झाली होती आणि एका पायावर उड्या मारण्याच्या चाचण्याही तिने नीट पार केल्या होत्या. तरीही सरावाला परत आल्यावर कधी पोटात दुखते, कधी सबमिशन आहे, अशी कारणे सांगून ती बाजूला बसू लागली. अखेर संघाची कर्णधार तिला माझ्याकडे घेऊन आली. दार बंद झाल्यावर ती पहिले वाक्य बोलली ते असे : “मॅडम, मी आळशी नाही, एवढं तुम्ही सरांना सांगाल का?”

माणूस आधी कोणता आरोप पुसायला धडपडतो, त्यावरून त्याला काय सलते आहे ते समजते. तिला गुडघ्याविषयी बोलायचेच नव्हते. संघात आपल्याकडे कामचुकार म्हणून पाहिले जाते, ही बोच मोठी होती. भीती वाटते, हे मान्य करण्यापेक्षा पोटदुखीचे कारण सांगणे तिला सोपे वाटत होते, कारण पोटदुखीला कोणी भित्रेपणा म्हणत नाही.

पुढच्या एका भेटीत ती म्हणाली, “मला कुणी ढकललं असतं तर बरं झालं असतं.” हे वाक्य ऐकायला विचित्र वाटेल, पण या दुखापतीची सगळी मानसिक बाजू त्यात आली आहे. एसीएलच्या बहुतांश दुखापती कोणाच्या धक्क्याने होत नाहीत. उडी मारून खाली येताना, एकदम थांबताना किंवा धावता धावता दिशा बदलताना त्या होतात. धक्का लागला असता तर दोष देण्यासाठी समोर कोणीतरी असते आणि पुढच्या वेळी सावध राहता आले असते. येथे मात्र आपल्याच पायाने, हजारो वेळा केलेल्या एका साध्या हालचालीत, काही सूचना न देता दगा दिला होता. अशा शरीरावर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा, हा तिचा खरा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता.

ती यात एकटी नाही, हे तिला आकड्यांनी दाखवणे मला आवश्यक वाटले. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर किती जण पुन्हा खेळतात, याविषयीचे अनेक अभ्यास एकत्र पाहणारा आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे 81 टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परततात, पण स्पर्धात्मक पातळीवर पुन्हा पोहोचणाऱ्या सुमारे 55 टक्केच असतात. न परतणाऱ्यांपैकी अनेकांचे गुडघे तपासणीत ठीक असतात आणि त्यांना पुन्हा दुखापत होईल ही धास्ती अडवते. मनाची तयारी मोजण्यासाठी 12 प्रश्नांची एक प्रश्नावली 2008 पासून उपलब्ध आहे. ताकदीच्या चाचणीला महत्त्व दिले जाते, मात्र ही प्रश्नावली फार थोड्या ठिकाणी वापरली जाते, याची मला खंत वाटते. डॉक्टरांची परवानगी गुडघ्याला मिळालेली असते आणि खेळाडूने तेवढ्यावरच पूर्वीसारखे खेळावे, अशी अपेक्षा आपण करतो.

तिच्या परवानगीने मी सराव पाहायला गेले. रिंगसमोर एकटी असताना ती सहज ले-अप मारत होती, म्हणजे धावत जाऊन उडी घेत जवळून चेंडू रिंगमध्ये टाकत होती. रांगेत उभे राहून समोर बचाव करणारी खेळाडू आहे असा सराव सुरू झाला की मात्र तिची पाळी यायच्या वेळी ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायची आणि मागच्या मुलीला पुढे जायला खूण करायची. नाडी सुटलेली नसायची. ती खेळायची तेव्हा रिंगपासून दोन पावले अलीकडे थांबून पास द्यायची आणि प्रत्येक उडीनंतर आधी उजवा, म्हणजे दुखापत न झालेला पाय टेकायची. यातले काहीही ती जाणूनबुजून करत नव्हती. मी विचारले तेव्हा नाडीचे तर तिच्या लक्षातही आले नव्हते.

भीती टिकते ती नेमकी अशा सुटकांमुळे. पाळी टळली की क्षणभर जिवाला बरे वाटते आणि टाळले म्हणून वाचलो, अशी गाठ मनात पक्की होते. पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी वाढते. शिवाय नेहमी दुखापत न झालेल्या पायावरच भार टाकत उतरल्याने त्या पायावर जास्त ताण येतो. म्हणजे ज्या दुखापतीला ती घाबरत होती, तिची शक्यता या टाळण्यामुळे कमी होत नव्हती.

अशा वेळी घरचे आणि संघातले सगळे एकमुखाने म्हणतात, “काही होणार नाही गं!” मी हे म्हणत नाही. पंचविशीच्या आतले जे खेळाडू अशा शस्त्रक्रियेनंतर खेळात परततात, त्यांच्यापैकी साधारण चार-पाचांमागे एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा एसीएलची दुखापत होते. तिने ही माहिती आधीच शोधून वाचली होती, त्यामुळे खोटा दिलासा दिला असता तर तिने माझ्यावरचा विश्वास गमावला असता. धोका आहे हे मान्य केल्यावरच तो कमी कसा करायचा, याविषयी बोलता येते. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबल्याने आणि ताकद पुरेशी परत आल्यावरच खेळल्याने धोका लक्षणीय घटतो, आणि या दोन्ही गोष्टी तिने केल्या होत्या. तिची भीती खोटी नव्हती, फक्त तिने केलेल्या कष्टांची नोंद त्या भीतीने घेतलेली नव्हती.

मग तिची फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षक, ती आणि मी असे एकत्र बसलो. तिला सर्वांत कमी भीती वाटते ती हालचाल कोणती आणि सर्वांत जास्त कोणती, हे तिने स्वतः क्रमाने लिहिले. एकटीने दोन्ही पायांवर उतरणे सर्वांत खाली होते. गर्दीत रिबाउंडसाठी उडी मारून मान वळवणे, म्हणजे दुखापतीचा नेमका क्षण, सर्वांत वर होता. मधल्या पायऱ्यांवर आधी एक संथ बचावपटू, मग नेहमीच्या वेगाची, मग हलका स्पर्श, मग हातात उशी घेऊन दिलेला धक्का, असे प्रसंग होते. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचे आणि नाडीला हात लावायचा नाही, एवढेच नियम ठेवले. उतरताना गुडघ्याकडे लक्ष देऊ नकोस, बुटांचा आवाज होणार नाही अशी उतर, अशी सूचना फिजिओथेरपिस्टने दिली, आणि ती फार उपयोगी पडली. लक्ष शरीराच्या आत गुंतले की हालचाल ताठरते, आणि ते आवाजाकडे गेले की गुडघे आपोआप वाकतात.

प्रशिक्षकांशी मी वेगळी बोलले. “डोक्यातून काढून टाक” असे ते तिला नेहमी सांगत, आणि त्यामागे तिच्याविषयीची आपुलकीच होती. पण काढून टाकायचे कसे, हे कोणी सांगितले नाही तर खेळाडूला त्यातून एवढेच कळते की भीतीविषयी येथे बोलायचे नाही. त्यांनी पुढे फक्त “आज कितव्या पायरीवर आहेस?” असे विचारायला सुरुवात केली. या एका बदलाने तिच्या पोटदुख्या जवळजवळ थांबल्या, कारण आता खरे सांगायला जागा होती.

या सगळ्यात ज्याविषयी बोलायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला, ती गोष्ट गुडघ्याशी संबंधित नव्हती. ती बाहेर असताना प्रथम वर्षाची एक मुलगी तिच्या जागी खेळू लागली होती आणि चांगली खेळत होती. ही मुलगी तिला ताई म्हणायची आणि सामना संपला की खेळ कसा झाला हे आधी तिलाच विचारायची. एका सामन्यात ती मुलगी घसरून पडली, तेव्हा स्कोअर टेबलवर बसलेल्या हिच्या मनात क्षणभर बरे वाटल्याची भावना येऊन गेली. ती मुलगी लगेच उठून खेळू लागली, पण हिला ती रात्रभर झोप लागली नाही. “मी इतकी वाईट आहे का?” असे विचारताना तिचा आवाज फुटला. संघखेळात जागा मोजक्याच असतात. कोर्टवर पाच जणीच असतात, आणि जिच्यावर जीव आहे ती मैत्रीणच आपल्या जागेची स्पर्धक असते. हे महाविद्यालयीन संघातल्या प्रत्येकीच्या वाट्याला येते, पण मोठ्याने कोणी बोलत नाही. मनात उमटलेल्या भावनेवर आपली सत्ता नसते, त्यानंतर आपण काय करतो त्यावर मात्र असते. त्या दहा महिन्यांत त्या मुलीला प्रतिस्पर्ध्यांचे बचाव कसे ओळखायचे हे हिनेच शिकवले होते. हे मी तिच्या लक्षात आणून दिले, तेव्हा तिने ते प्रथमच स्वतःच्या बाजूने मोजले.

तिची आई एकदा भेटायला आली. “मुलींचे गुडघे या खेळासाठी नसतातच, आता अभ्यास कर म्हणावं,” असे त्यांचे म्हणणे होते. ही काळजी पोकळ नव्हती. बास्केटबॉलमध्ये एसीएलच्या दुखापतीचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या साधारण तिप्पट आढळते. पण त्यावरून मुलींनी खेळू नये असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेतील स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन यांनी 1892 मध्ये मुलींना हा खेळ शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मुलींना इतकी धावपळ झेपणार नाही या समजुतीपोटी कोर्टचे तीन भाग केले होते आणि आपला भाग ओलांडायला खेळाडूला मनाई होती. आज मुली पूर्ण कोर्टवर, दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये खेळतात. दुखापतींवर उपाय हवा असेल, तर उतरण्याचे, तोल सावरण्याचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे नियमित व्यायाम हवेत, आणि अशा व्यायामांनी या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. सरावाआधीची पंधरा-वीस मिनिटे त्यासाठी पुरतात. आईंना मी इतकेच विचारले की तिने खेळ सोडायचाच ठरवला, तर तो निर्णय तिचा असावा की भीतीचा? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर मुलीला त्यांनी फक्त “तू ठरव” एवढे म्हटल्याचे मला तिच्याकडून कळले.

येथे एक गोष्ट सांगणे मला भाग वाटते. सगळ्याच मुली केवळ कोर्टवर अडखळत नाहीत. झोप उडणे, जेवण तुटणे, मासिक पाळी अनेक महिने न येणे, वर्गात जाणेही बंद होणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काही दिसले तर पायऱ्यांच्या सरावावर विसंबून राहू नये आणि खेळाचा प्रश्न मागे ठेवून ताबडतोब डॉक्टरांची किंवा मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.

हंगामाच्या उत्तरार्धात प्रशिक्षकांनी तिला दुसऱ्या क्वार्टरमध्ये काही मिनिटे खेळवायला सुरुवात केली. पहिल्या सामन्यात ती रिंगपर्यंत गेलीच नाही, आणि तसे ठरवूनच ती उतरली होती. नंतरच्या एका सामन्यात ती दोघींच्या मधून आत घुसली, तिच्यावर फाउल झाला, ती पडली, उठली आणि फाउलबद्दल मिळालेल्या दोन फ्री थ्रोंपैकी, म्हणजे कोणी न अडवता करायच्या फेकींपैकी, एक तिने रिंगमध्ये टाकला. भीती पूर्ण गेलेली नाही. सुट्टीनंतर सराव सुरू झाला की पहिला आठवडा तिला खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि ती तशी करते. पुढच्या हंगामासाठी तिने संघात नाव दिले आहे. सुरुवातीच्या पाच जणींत न घेता आपल्याला बेंचवरून उतरवावे, ही मागणी तिने स्वतः सरांकडे केली, आणि त्या प्रथम वर्षाच्या मुलीला हे सर्वांत आधी सांगणारीही तीच होती.