त्वचेचा तुकडा न काढता, रंग न लावता मायक्रोस्कोपमध्ये पेशी दिसतात का? आणि दिसत असतील तर कॉन्फोकल (लेझरने त्वचेच्या आतलं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपची तपासणी) केल्यावरही डॉक्टर बायोप्सी का सांगतात?

दिसतात, अगदी व्यवस्थित दिसतात. मी याच प्रकारच्या इमेजिंगवर काम करतो म्हणून लिहितोय.

तुमची शंका रास्त आहे, कारण बायोप्सीचा पातळ काप न रंगवता साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवला तर जवळपास पारदर्शकच दिसतो, म्हणून तर त्याला हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हे रंग लावतात. पण त्वचेत मुळातच अशा गोष्टी असतात ज्या उजेड परत फेकतात नाहीतर लेझर पडला की स्वतः चमकतात, बिनरंगाच्या पद्धती त्यांच्याच जिवावर चालतात.

दवाखान्यात जास्त करून रिफ्लेक्टन्स कॉन्फोकल वापरतात, तुमचंही तेच झालेलं दिसतंय. 830 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर त्वचेत जातो आणि परत येताना एका बारीक छिद्रातून येतो, त्यामुळे फक्त एका ठरावीक खोलीवरचा उजेड आत येतो, बाकीचा अडतो. मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याचा, अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) साधारण 1.7 आणि आजूबाजूच्या एपिडर्मिसचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराचा, 1.34 च्या आसपास, आणि इतका फरक असला की उजेड जोरात परत फिरतो, म्हणून मेलॅनिन असलेल्या पेशी पांढऱ्याफट्ट दिसतात. मेलॅनिनमुळे इतका छान कॉन्ट्रास्ट मिळतो हे 1995 मध्ये बोस्टनच्या मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या त्वचेत दाखवलं. फोकस हळूहळू खाली नेला की आधी मधाच्या पोळ्यासारखी जाळी येते, पेशींच्या कडा उजळ आणि मधलं केंद्रक काळं, मग बेसल लेयरच्या (एपिडर्मिसच्या तळाच्या थराच्या) उजळ कड्या, आणि त्या कड्यांच्या आतल्या काळ्या भागात बारीक केशवाहिनीतून रक्तपेशी सटासट पळताना दिसतात, लाइव्ह! कितीही वेळा बघितलं तरी मला त्याचं अप्रूप आहे, स्लाइडवर हे कुठून दिसणार.

रिसर्चमध्ये मल्टिफोटॉन ही दुसरी बिनरंगाची पद्धत जास्त चालते. त्यात फेम्टोसेकंद लेझरने (अत्यंत छोट्या झोतांच्या लेझरने) पेशीतलं एनएडीएच नावाचं रसायन आणि डर्मिसमधलं, म्हणजे खालच्या थरातलं, इलॅस्टिन हे प्रथिन चमकतं, आणि कोलॅजन तर बरोबर निम्म्या तरंगलांबीचा उजेड देतं, म्हणजे 800 नॅनोमीटर टाकला की 400 परत, त्यामुळे नुसत्या फिल्टरने कोलॅजन वेगळं काढता येतं. खरा फायदा असा की तीच जागा पुन्हा पुन्हा बघता येते, उन्हाने किंवा क्रीमने काय बदललं ते तुकडा न काढता कळतं.

आता बायोप्सी का, तर एक कारण खोली. कॉन्फोकल जेमतेम 200-250 मायक्रॉन खाली बघतं, त्यापुढे उजेड इतका विखुरतो की सगळं धूसर. मेलानोमाची (त्वचेच्या एका कॅन्सरची) जाडी मात्र मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पुढचे उपचार बऱ्याच अंशी त्यावर ठरतात, ती जाडी यात मिळत नाही. ओसीटी हे उजेडानेच चालणारं दुसरं स्कॅन एक-दोन मिलिमीटर जातं पण त्यात एकेक पेशी नीट सुटी दिसत नाही, म्हणजे एक मिळवायला गेलं की दुसरं जातं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. एपिडर्मिसमध्ये फांद्या फुटलेली एक उजळ पेशी दिसली, तर ती मेलॅनोसाइट (मेलॅनिन बनवणारी, जिच्यापासून मेलानोमा होतो ती पेशी) असू शकते किंवा लँगरहान्स पेशी, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीची साधी पेशी. दोन्ही उजळ, दोन्हींना फांद्या, आणि नुसत्या ग्रे चित्रावरून भल्याभल्यांना खात्रीने सांगता येत नाही. एक असेल तर काळजी, दुसरी असेल तर कदाचित नुसती सूज. तुकडा काढला की अँटिबॉडीचं स्टेनिंग (ठरावीक पेशीलाच चिकटणारा रंग) करून सोक्षमोक्ष लावता येतो, इथे ती सोयच नाही.

त्यामुळे कॉन्फोकलनंतर बायोप्सी सांगितली म्हणजे मशीन फेल गेलं असं नाही. संशयास्पद काही नसेल तर कापायचं टळतं, चेहऱ्यावर मोठा डाग असेल तर नेमका कुठून तुकडा घ्यायचा ते कळतं, उपचारानंतर डाग परत आलाय का तेही बघता येतं. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की चित्रात नक्की काय दिसलं, सहसा ते स्क्रीनवरच दाखवतात.

आणि परत स्कॅनला जायचं झालं तर त्या जागी मेकअप किंवा सनस्क्रीन लावून जाऊ नका, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे कण स्वतःच इतके चमकतात की चित्राचा विचका होतो.