ब्रायटनच्या किनाऱ्यावर दोन-चार दिवस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याबद्दल लिहिल्यापासून बरीच पत्रं आली आणि त्यांतली बहुतेक ब्रायटनबद्दल होती. ते साहजिकच आहे, कारण लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ट्रेनने तिथे तासाभरात पोचता येतं. इकडे मुलाकडे, मुलीकडे आलेले आई-वडील हमखास तिथे जातात. निवडक प्रश्नांची उत्तरं देते.

ठाण्याहून एक आजी विचारतात: जूनच्या शेवटी लेकीकडे येतोय. नातवंडं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. ब्रायटनला वाळूत खेळता येईल ना? आणि पाण्यात सोडलं तर चालेल?

वाळूचं म्हणाल, तर मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होईल. ब्रायटनला पुळण नाही, सगळा किनारा गोट्यांचा आहे. या भागातला डोंगर खडूचा. समुद्र खडू झिजवून धुऊन नेतो आणि खडूच्या पोटात अडकलेली गारगोटी मागे उरते. तीच घासून घासून गुळगुळीत झालेली तुमच्या पायाखाली असते. अनवाणी चालणं अवघड जातं, म्हणून मुलांसाठी पाण्यात चालतील असे रबरी बूट घ्या. गोटे रचून मनोरे करणं, सपाट गोटा पाण्यावर भाकऱ्या काढत फेकणं यात मुलं दोन तास सहज रमतात.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते. जूनमध्ये इथलं पाणी साधारण 14-15 अंश असतं. गोव्याच्या समुद्राची सवय असलेल्या माणसाचा त्यात एकदम श्वास अडकतो. पोहता येणारी माणसंही या गारठ्याच्या धक्क्याने बुडतात. शिवाय ब्रायटनचा उतार तीव्र आहे. दोन-चार पावलांत पाणी कमरेवर येतं आणि परतणारी लाट पायाखालचे गोटे ओढून नेते. म्हणून जिथे जीवरक्षक असतात तिथेच, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच मुलांना उतरवा आणि स्वतः हाताच्या अंतरावर उभ्या राहा. नुसता लाल झेंडा असेल तर कुणीच उतरायचं नाही. हवा भरलेली खेळणी समुद्रात नकोत, जमिनीवरून वारा सुटला की ती आत वाहून जातात. कुणी अडचणीत आलं तर 999 लावून ‘कोस्टगार्ड’ मागायचा. आणि नातवंडांना घरीच एक गोष्ट शिकवा: घाबरायला झालं तर हातपाय मारत बसायचं नाही, पाठीवर पडून तरंगायचं आणि श्वास जागेवर येऊ द्यायचा.

खरी वाळू हवीच असेल तर पूर्वेला राय गावाजवळ कॅम्बर सँड्स आहे. तिथे वाळूच्या टेकड्या आहेत, लांबच लांब सपाट पुळण आहे. पण सपाट असल्यामुळेच ओहोटीला समुद्र फार लांब जातो आणि भरती भराभर, कधी मागून वळसा घालून येते. ऑगस्ट 2016 मध्ये एकाच दिवशी तिथे पाच तरुण बुडाले. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघितल्याशिवाय जाऊ नका.

पुण्याहून एक वाचक: आईचे गुडघे दुखतात. तिला नुसतं बाकावर बसवून आम्ही फिरायचं, हे पटत नाही.

पटू नयेच. तिच्यासाठी तीन गोष्टी आहेत. पहिली, फोक्स इलेक्ट्रिक रेल्वे. 1883 साली सुरू झालेली ही छोटी विजेची गाडी किनाऱ्याला लागून दीड-एक किलोमीटर धावते. आजही चालू असलेली ती जगातली सर्वांत जुनी विजेची रेल्वे. हिवाळ्यात ती बंद असते. दुसरी, मरीना म्हणजे नौकांच्या बंदरापासून सॉल्टडीनपर्यंतची अंडरक्लिफ वाट. एका हाताला खडूचा पांढरा कडा, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधून सपाट सिमेंटचा रस्ता. चाकाची खुर्ची व्यवस्थित जाते. कडा ढासळला की काही भाग बंद ठेवतात, तेव्हा पाटी बघून घ्या.

तिसरी, याच वाटेवरचं रॉटिंगडीन गाव. ब्रायटनहून बस जाते, त्यामुळे आईंना चालावं लागणार नाही. ‘जंगल बुक’ लिहिणारा रडयार्ड किपलिंग इथे 1897 ते 1902 राहिला. जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्याच्या घराशेजारची बाग सगळ्यांना खुली आहे. दगडी भिंतीच्या आत वारा लागत नाही. मी माझ्या सासूबाईंना तिथे घेऊन गेले होते, तासभर त्या उठायलाच तयार नव्हत्या.

नागपूरहून: आम्ही शुद्ध शाकाहारी. चिप्सवर दिवस काढावा लागेल का?

नाही. शाकाहारासाठी ब्रायटन हे इंग्लंडातलं फार चांगलं शहर आहे. जुन्या बोळांच्या ‘लेन्स’ भागात ‘टेर आ टेर’ हे पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट कित्येक वर्षं चालू आहे. नॉर्थ लेनच्या गल्ल्यांतही पुष्कळ पर्याय आहेत. उलट चिप्सच जपून घ्या. काही दुकानांत ज्या तेलात मासे तळतात त्यातच ते तळतात, तर काही जण गोमांसाची चरबी वापरतात. ‘कशात तळता?’ हे विचारायला संकोच करू नका, तिथे रोज कुणी ना कुणी विचारत असतं. आणि हातातला खाऊ झाकून धरा. इथले कुरव पक्षी मागून येऊन पुडीवर झडप घालतात.

मँचेस्टरला शिकणारा एक विद्यार्थी: ‘सेव्हन सिस्टर्स’ या समुद्रकाठच्या पांढऱ्या कड्यांचे फोटो पाहिलेत. कड्यावर बसून तसा फोटो कसा मिळेल?

तसा फोटो काढू नकोस. हे कडे बसाल्टचे नाहीत, खडूचे आहेत. वरून गवताचा गालिचा दिसतो, पण खालून समुद्राने पोखरलेलं असतं. तू उभा आहेस त्याच्याखाली काही उरलंय का, हे वरून कळत नाही. सह्याद्रीत कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघणारी आपण माणसं, आपला आत्मविश्वास इथे कामाचा नाही. जवळच्या बेल टाउट दीपगृहाची गोष्ट ऐक. कडा इतका जवळ आला की 1999 साली ती अख्खी इमारत उचलून 17 मीटर मागे सरकवावी लागली. कड्याच्या पायथ्याशी टेकून बसणंही तेवढंच धोक्याचं.

तुला हवं असलेलं दृश्य समोरच्या बाजूने मिळतं. ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे जाणारी 12 नंबरची बस पकड, सीफर्डला उतर आणि सीफर्ड हेडवरून ककमिअर हेवनकडे चालत जा. जुन्या तटरक्षक घरांपाशी आलास की सातही बहिणी एका नजरेत येतात. पाय चालत असतील तर दुसऱ्या दिवशी ककमिअरपासून बर्लिंग गॅपपर्यंत कड्यावरून चाल. चढ-उतार दमवतात, वारा टोपी पळवतो. माझ्या मते ब्रायटनच्या पिअरवर, म्हणजे समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यावर, घालवलेल्या अख्ख्या दिवसापेक्षा ही दुपार मोलाची आहे.

त्याच विद्यार्थ्याची मैत्रीण: डिसेंबरात काय बघायचं?

पॅलेस पिअरजवळ संध्याकाळ. सूर्य चारच्या सुमारास मावळतो. त्याआधी स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे पिअरवर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घेतात. हे आपल्याकडच्या भोरड्यांचे भाऊबंद. जाड कोट घाल.

साताऱ्याहून निवृत्त शिक्षक: सावरकरांना ‘सागरा प्राण तळमळला’ सुचलं ते ब्रायटनलाच ना? तिथे आपल्या माणसांचं आणखी काही आहे का?

हो सर, 1909 साली, ब्रायटनच्याच किनाऱ्यावर. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर पाण्याजवळ जाऊन उभे राहा. लाट मागे फिरताना हजारो गोटे एकदम खडखडतात. तो आवाज आपल्या किनाऱ्यांवर नाही.

आणि आणखी पुष्कळ आहे, लोक त्याच्या शेजारून निघून जातात. रॉयल पॅव्हेलियन हा घुमट-मिनारांचा राजवाडा चौथ्या जॉर्जसाठी जॉन नॅशने बांधला. त्याचे फोटो सगळे काढतात. पण डिसेंबर 1914 ते जानेवारी 1916 तिथे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. झुंबरांखाली खाटांच्या रांगा होत्या. हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते, जातिधर्म सांभाळून वेगवेगळे मुदपाकखाने होते. त्यामागे सरकारचा प्रचाराचा हेतू होता, पण खाटेवरचा माणूस खरा होता. बागेच्या दक्षिण टोकाचं इंडिया गेट भारतीयांनी 1921 साली कृतज्ञता म्हणून दिलं.

जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांतल्या 53 जणांना गावाबाहेर पॅचमच्या वरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी आज संगमरवरी छत्री आहे. तिचं नावही ‘छत्री’च. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा होता. फेब्रुवारी 1921 मध्ये तिचं अनावरण झालं. 2010 साली शेजारी भिंत उभारून त्यावर नावं कोरली, तोवर ती तिथे नव्हती. जूनमध्ये दरवर्षी तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. तुमचा मुक्काम तेव्हा असेल तर तारीख विचारून घ्या.

छत्रीपाशी मोटार जात नाही. पॅचमहून दीड-दोन किलोमीटर चढ आहे, कुरणातून जावं लागतं. पावसानंतर खडूची माती फार निसरडी होते, तेव्हा पकड असलेले बूट घाला आणि काठी जवळ ठेवा. वर पाणी मिळत नाही, बाटली भरून न्या. वाटेतलं कुरणाचं प्रत्येक फाटक मागे लावून घ्या, आत मेंढ्या असतात.