मूठ बदला, नळीला हात लावू नका

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचे आहेत. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना निवृत्तीनंतर बागकाम सोडून हा नाद लागलेला दिसतो. माझी तक्रार नाही. माझी हयात टूलरूममध्ये गेली, आता तळघरातल्या बाकावर लाकडी मुठी घासत बसतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. सुरुवातीलाच एक अट: खाली जे काही लिहिलं आहे, ते सिलिंडर उघडून, आत एकही काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून मगच करायचं.

प्रश्न : स्मिथ अँड वेसनचं जुनं मॉडेल ३६, म्हणजे खिशात मावणारं छोटं रिव्हॉल्व्हर, घेतलं आहे. लाकडी मूठ इतकी बारकी की करंगळीला जागाच नाही, आणि बार उडाला की ट्रिगर गार्डचा मागचा भाग मधल्या बोटावर आपटतो. ती काढून रबरी मूठ बसवू का? (डेटन, ओहायो)

बसवा, पण आधी जुनी मूठ उतरवून नीट बघा. रुंद, बरोबर बसणाऱ्या पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. स्वयंपाकघरातल्या खणातला नको, त्याने स्क्रूची खाच खराब होते आणि ती खाच खरेदीदाराला सगळ्यात आधी दिसते. स्क्रू तीन-चार आटे सैल करा आणि स्क्रूच्या डोक्यावर ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा, मुठीच्या दोन फळ्यांपैकी पलीकडची आपोआप सुटते. फटीत पातं घालून उचकटू नका. आता उजवी फळी उलटी करा. आतल्या अंगाला आकडे ठोकलेले असतील. ते आणि रिव्हॉल्व्हरच्या बुडावरचा क्रमांक जुळला, तर ही कारखान्यातून एकत्र निघालेली जोडी आहे. स्क्रूच्या भोकाभोवती लाकडात शंकरपाळ्यासारखा चौकोन राखलेला असेल तर मूठ १९६८ च्या आधीची. संग्राहक अशा मुठीसाठी वेगळे पैसे मोजतात. तेव्हा तिला कानस लावायची नाही, पुन्हा पॉलिश करायचं नाही. पिशवीत घाला, पिशवीवर क्रमांक लिहा आणि तिजोरीत ठेवा.

आता बोटाचं दुखणं. १९५० साली हे मॉडेल ‘चीफ्स स्पेशल’ नावाने आलं (३६ हा आकडा त्याला १९५७ मध्ये मिळाला) ते खिशात मावावं म्हणून. ट्रिगर गार्डच्या मागे जी पोकळी राहते, तिच्यात मधलं बोट वर सरकतं आणि मार खातं. यावर जुना उपाय म्हणजे टायलर टी-ग्रिप. ओक्लाहोमा सिटीच्या मेल्विन टायलरची ही युक्ती. त्या पोकळीत बसणारा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा असतो, त्याच्या पट्ट्या मूळ फळ्यांखाली दाबून बसतात. लाकडाला ओरखडा नाही, रूप तेच, आणि बोट खाली राहतं. माझ्या मते तुमच्यासाठी आधी हेच, रबर नंतर.

रबराचे गुण मला मान्य आहेत. रेंजवर शंभर गोळ्या झाडायच्या तर हाताला बरं वाटतं. पण रबर कोटाच्या अस्तराला धरून बसतं, खिशातून निघताना अस्तरही बाहेर ओढतं. दुसरं म्हणजे काही रबरी मुठी आतल्या धातूच्या सांगाड्याची पाठही झाकतात. धक्का कमी लागतो, पण चाप (ट्रिगर) तेवढाच लांब जातो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पंजे लहान आहेत, माझा तर आहेच. डबल ॲक्शनचा, म्हणजे चाप ओढूनच घोडा मागे नेऊन सोडण्याचा, ओढा बारा पौंडांच्या आसपास असतो, तो बोटाच्या टोकाने ओढत बसलात तर नेम डावीकडे-उजवीकडे भटकणारच. रिकामं रिव्हॉल्व्हर हातात धरा आणि पहिल्या पेराची घडी चापावर येते का ते बघा. येत नसेल तर पाठ उघडी असलेली मूठ घ्या, भले ती दिसायला साधी असेना.

आणखी एक, दुकानात कुणी सांगत नाही. सिलिंडर डावीकडे उघडून बघा. डावी फळी वरच्या बाजूला खोलगट कोरलेली नसेल तर रिकामी पुंगळी तिला अडकते आणि स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) तिरका बसतो.

प्रश्न : माझ्या कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा (हॅमर) खिशात अडकतो. त्याचं शिंग, म्हणजे अंगठ्याने ओढायचं टोक, कापून, ट्रिगर गार्डची पुढची कमानही काढून ‘फिट्झ स्पेशल’ करून घ्यावं असा विचार आहे. (टेक्सासमधले एक वाचक)

नको हो. कोल्ट कंपनीत नोकरीला असलेल्या जे. एच. फिट्झजेराल्डने १९२० च्या दशकात अशी काही रिव्हॉल्व्हरं तयार केली. डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ मध्ये बाजारात आलं त्यामागे या आखूड नळीच्या वेडाचाही हात होता. त्याच्या हातच्या नगाला, कंपनीच्या दप्तराचं पत्र सोबत असेल तर, लिलावात भरपूर भाव येतो. तुमचा नग कापल्यावर ना मूळ राहील ना फिट्झचा. शिवाय उघडा चाप खिशात किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी असणं हे मला झोप न येऊ देणारं काम आहे. आणि उरलेली कमान थोडी जरी वाकली तरी चाप अडकू शकतो.

घोड्याचाच त्रास असेल तर कोल्टने स्वतःच घोड्यावर बसवायचं आच्छादन विकलं होतं, जुन्या बाजारात सापडतं. २४ नोव्हेंबर १९६३ ला जॅक रुबीने केनेडी-हत्येतला आरोपी ली हार्वी ऑस्वाल्डवर ज्यातून गोळी झाडली, त्या कोल्ट कोब्रा रिव्हॉल्व्हरवरही असंच आच्छादन होतं. १९९१ मध्ये ते रिव्हॉल्व्हर दोन लाख वीस हजार डॉलरला गेलं. ती किंमत इतिहासाची, आच्छादनाची नव्हे, हे विक्रेत्याला ऐकवायला विसरू नका. नाहीतर स्मिथ अँड वेसनचं सेंटेनियल हे रिव्हॉल्व्हर घ्या. १९५२ पासून त्यात घोडा आतच दडलेला आहे.

जाता जाता: स्मिथची मूठ कोल्टला बसत नाही. आणि कोल्टची मूठही साल विचारूनच मागवा, कारण १९६० च्या दशकात डिटेक्टिव्ह स्पेशलचा मुठीचा सांगाडा आखूड केला गेला.

प्रश्न : सावंतवाडीच्या घरातल्या जुन्या पलंगाचं शिसवी लाकूड आणून मूठ करायची आहे. सांबरशिंगाची जोडीही कुठे मिळेल? (सान होजे, कॅलिफोर्निया)

शिसव मुठीला झकास. जड, घट्ट, घामाला न घाबरणारी. पण शिसवीची सगळी जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारातल्या नियंत्रित यादीत आहे. पलंगाचा खूर कापून बॅगेत टाकला आणि कस्टमवाल्याने विचारलं तर तुम्ही काय दाखवणार? कागदपत्रांची भानगड नको असेल तर इथल्याच लाकूडवाल्याकडून भारतीय शिसवीचा कायदेशीर तुकडा घ्या. पलंग सावंतवाडीतच शोभतो.

घासताना तोंडाला मास्क हवाच, या लाकडाच्या भुश्याने शिंका आणि खाज दोन्ही येतात. फळी सांगाड्यावर बसवण्यासाठी टूलरूमची रीत वापरा: सांगाड्याच्या कडेला मार्किंग ब्लूचा (खुणेच्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, फळी दाबा, उचला. जिथे निळा ठिपका उमटला तिथे उंचवटा. तेवढाच खरवडा, पुन्हा दाबा. ठिपके सगळीकडे सारखे उमटू लागले की थांबा. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. चकचकीत व्हार्निश नको, ओला हात सटकतो.

सांबरशिंगाचं म्हणाल तर भारताने १९९८ मध्ये त्याची निर्यात बंद केली. इथे जे खरं मिळतं ते जुन्या साठ्यातलं, म्हणून महाग. ‘स्टॅग’ म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं हाड किंवा चक्क राळ (रेझिन) असते. फळी उलटी करून बघा: खऱ्या शिंगाच्या आतल्या बाजूला सच्छिद्र गाभ्याची खूण दिसते, राळेची पाठ एकसारखी गुळगुळीत असते. गावाकडच्या भिंतीवरचं शिंग आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. हस्तिदंतही नको. आफ्रिकन हत्तीच्या दंताच्या व्यापारावर इथे २०१६ पासून कडक बंधनं आहेत.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. एखादं छोटं रिव्हॉल्व्हर घेता येईल का? (न्यू जर्सी)

सर्वसाधारणपणे नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे, पण तो वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. मित्राचं रिव्हॉल्व्हर ‘जरा सांभाळ’ म्हणून घरात ठेवणंही त्यातच आलं. ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी जाते, पण राज्याचे नियम उरतातच, आणि न्यू जर्सीचे फार कडक आहेत.

ज्यांच्याकडे आहे त्यांनाही सांगतो: रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरू नका. खिशाच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते. ‘माहीत नव्हतं’ हे पोलिसांना नाही, पुढे कोर्टात सांगावं लागतं.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. नळी थोडी आखूड करून मिळेल का? (कोल्हापूर)

नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, मग करणारा लेथवाला कितीही ओळखीचा असो. छोटंच हवं असेल तर कानपूरच्या कारखान्याचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं आहे, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. परवान्यावर जागा आहे का ते आधी बघा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रं ठेवता येतात. आणि मूठ बदलायची तर परवानाधारक दुकानदाराकडेच न्या, पावती घ्या.