जुना रिसीव्हर, नवा टीव्ही: कोणती वायर कुठे लावायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. २०१४ सालचा, पाच एचडीएमआय इनपुटचा रिसीव्हर (सगळी उपकरणं जोडून घेऊन स्पीकर वाजवणारा खोका) सेकंडहँड मिळालाय आणि टीव्ही नवा कोरा ४के आहे. जोडायचंय ते सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, प्लेस्टेशन ५, ब्लू-रे प्लेयर आणि वडिलांचा कॅसेट डेक. दुकानदार म्हणाला, सगळं रिसीव्हरला लावा. मित्र म्हणाला, टीव्हीतून एक ऑप्टिकल वायर काढ आणि मोकळा हो. आता कोणाचं ऐकायचं?

मी दोघांचंही ऐकलं नसतं. ब्लू-रे आणि डेक रिसीव्हरला लावा, बाकी तिन्ही टीव्हीला. मग टीव्हीचा आवाज आर्कवरून, म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीतून उलट्या दिशेने, रिसीव्हरला परत आणा.

दुकानदाराचा सल्ला नव्या रिसीव्हरसाठी अगदी बरोबर आहे. तुमच्याला तो का चालत नाही, तर रिसीव्हरच्या वयामुळे. ४के चित्रपट आणि मालिका यांच्यावर एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं, आणि मधल्या प्रत्येक उपकरणाला ते उघडता आलं पाहिजे. २०१४च्या बहुतेक रिसीव्हरांना फक्त त्याच्या आधीची किल्ली ठाऊक आहे. फायर स्टिक त्यांच्यातून नेलीत तर ती गुपचूप १०८०पी वर उतरते, नाहीतर पडदा काळा होतो. काळा पडदा परवडला, निदान काहीतरी बिनसलंय हे कळतं. गुपचूप उतरणं वाईट, कारण माणूस वर्षभर साधं एचडी बघत ४केचं कौतुक करत राहतो. प्लेस्टेशनचंही तेच. त्याचं ४के एचडीआर (जास्त उजळ, जास्त रंगांचं) किंवा सेकंदाला १२० फ्रेमचं चित्र त्या काळातल्या पोर्टातून मावतच नाही. ते खोक्यातल्याच वायरीने थेट टीव्हीला लावा. टीव्हीच्या कोणत्या पोर्टवर १२० लिहिलंय तेवढं आधी बघा, बऱ्याच टीव्हींवर सगळे पोर्ट सारखे नसतात.

सेट-टॉप बॉक्सचं कारण तांत्रिक नाही, घरगुती आहे. संध्याकाळी आई-वडील मालिका बघतात असं तुम्ही लिहिलंय. मी एकदा हौसेने सगळं रिसीव्हरमधून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आईचा फोन: "अरे, टीव्हीवर नुसतं निळं दिसतंय." तिला आधी रिसीव्हर चालू करायचा, मग त्याचा इनपुट बदलायचा आणि मग टीव्ही लावायचा, असं मी फोनवर समजावत बसलो होतो. तिने शांतपणे ऐकलं आणि शेजारी मालिका बघायला गेली. रिसीव्हर बंद असतानाही चित्र पुढे सोडणारी एक सोय बऱ्याच रिसीव्हरांत असते, पण शेवटी कोणता इनपुट लावून ठेवला होता यावर तिचं नशीब अवलंबून असतं. बॉक्स टीव्हीला असला की रिसीव्हर बंद ठेवूनही टीव्हीच्याच स्पीकरवर बातम्या लागतात. घरातली शांतता डॉल्बीपेक्षा महाग.

आता आर्क. एचडीएमआयची वायर म्हटली की चित्र आणि आवाज एकाच दिशेने, टीव्हीकडे जातात अशी आपली समजूत असते. २००९च्या १.४ आवृत्तीपासून त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज उलट्या दिशेने रिसीव्हरला आणता येतो. म्हणजे रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटमधून निघालेली एकच वायर ब्लू-रेचं चित्र वर नेते आणि फायर स्टिकचा आवाज खाली आणते. फक्त ती टीव्हीच्या ज्या पोर्टवर आर्क किंवा ई-आर्क लिहिलंय त्यातच जायला हवी. लोक चुकतात ते इथेच. शेजारच्या पोर्टात लावली तर चित्र झकास दिसतं, आवाज मात्र येत नाही.

वायर लावून भागत नाही. दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय: सॅमसंगकडे एनीनेट प्लस, सोनीकडे ब्राव्हिया सिंक, एलजीकडे सिंपलिंक. नंतर टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट शोधा. तिथे पीसीएम (न आवळलेला डिजिटल आवाज) असेल तर पाच स्पीकर मांडूनही दोनच चॅनेल मिळतील. ते ऑटो किंवा पास-थ्रू करा. करूनही नेटफ्लिक्सला आवाज येईना, तर साधं डॉल्बी डिजिटल निवडून पाहा. काही जुन्या रिसीव्हरांना आर्कवरून आलेलं डॉल्बी डिजिटल प्लस पचत नाही. प्लेस्टेशनमध्येही आवाजाचा प्रकार लिनियर पीसीएमवरून बिटस्ट्रीम डॉल्बीवर न्या. आर्कमधून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं, त्यामुळे गेममध्ये मागून आलेला शत्रू पुढच्या स्पीकरमधूनच बोलेल.

सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही एकदा डोकवा. बऱ्याच बॉक्समध्ये आवाज मुळातच स्टिरिओवर ठेवलेला असतो आणि आपण उगाच रिसीव्हरला शिव्या घालतो.

मग ब्लू-रेलाच वेगळी वागणूक का? त्या डिस्कवर डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतं, म्हणजे स्टुडिओतला आवाज काहीही न गाळता. हा ऐवज साध्या आर्कमध्ये मावत नाही. त्यासाठी ई-आर्क लागतं. ते २०१७च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलं, म्हणजे तुमच्या रिसीव्हरनंतर तीन वर्षांनी. शिवाय अलीकडचे काही टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत. प्लेयर टीव्हीला लावला असता तर काही डिस्क मुक्या झाल्या असत्या. रिसीव्हरला थेट लावल्यावर यातली एकही भानगड उरत नाही. साध्या ब्लू-रेचं चित्र १०८०पीच असल्याने जुना पोर्ट ते आरामात पेलतो, आणि तुमचा प्लेयर ४के डिस्कवाला नाही हे तुम्ही लिहिलंयच. तुमच्या घरात या रिसीव्हरचं खरं सोनं होणार ते याच एका जोडणीत. बाकीचं सगळं साउंडबारनेही भागलं असतं, खरं सांगायचं तर.

डेकची लाल-पांढरी वायर डेकच्या आउटमधून रिसीव्हरच्या ऑक्स किंवा सीडीमध्ये लावा. मागे फोनो लिहिलेली जागा असेल तर तिथे चुकूनही नको. ती तबकडीच्या पिनच्या मिलिव्होल्टमधल्या सिग्नलसाठी असते. कॅसेट तिथे लावलीत तर आवाज फाटून, नुसता खर्ज ऐकू येईल. मागे पिवळ्या खाचा आणि लाल-हिरव्या-निळ्या खाचाही दिसतील. त्या जुन्या चित्राच्या जोडण्या आहेत, तुम्हाला नकोत. त्यांच्यावर धूळ बसू द्या.

वायरीवर पैसे घालवू नका. दोन-तीन मीटरला सोन्याचा मुलामा वगैरे सगळं फुकट आहे. डिजिटल सिग्नल एकतर नीट पोचतो, नाहीतर चित्रात ठिणग्या दिसतात आणि मधूनच पडदा जातो. महाग वायरीने रंग खुलत नाहीत. लांबी वाढली की मात्र गोष्ट बदलते. प्रोजेक्टरसाठी मी दहा मीटरची स्वस्त वायर भिंतीतल्या पाइपातून ओढून घेतली, वर प्लास्टर, वर रंग. १०८०पीला ती मुकाट चालली, ४के आल्यावर दर पाच मिनिटांनी काळोख. तेवढ्या अंतराला आता फायबरवाली एचडीएमआय मिळते, पण तिला दिशा असते, कोणतं टोक टीव्हीकडे हे ठरलेलं असतं. भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून, लावून बघा.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. वळवाचा पाऊस सुरू झाला की गच्चीवरून येणारी केबलची किंवा छत्रीची वायर आधी काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. माझ्याकडे एका मे महिन्यात वीज कडाडली आणि त्या वायरीतून येऊन सेट-टॉप बॉक्सचा एचडीएमआय पोर्ट गेला, सोबत रिसीव्हरचा एक इनपुटही. दुरुस्तीवाल्याने बोर्डाची किंमत सांगितली, ती ऐकून मी उरलेल्या इनपुटांवरच समाधान मानलं.

आता तुमचा मित्र कुठे बरोबर ठरतो ते सांगतो. रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटजवळ वाकून, टॉर्च मारून बघा. तिथे आर्क लिहिलेलं नसेल किंवा सीईसी रोज रुसत असेल, तर ऑप्टिकलच टाका. तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली ही जोडणी आजही साधं डॉल्बी डिजिटल ५.१ इमानाने पोचवते, डॉल्बी डिजिटल प्लस तेवढं तिला जमत नाही. तिच्यातून वीज नाही, उजेड जातो. त्यामुळे अर्थिंग खराब असलेल्या घरात स्पीकरमधून येणारी घुंईघुंईही ती पुढे नेत नाही. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होणार नाही, एवढा त्रास सोसावा लागेल. तरीही ब्लू-रे रिसीव्हरलाच राहू द्या, आणि ऑप्टिकल लावताना टोकावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका. माझी एक अख्खी संध्याकाळ त्या टोपीने खाल्ली आहे.