मागे अवजार असताना चढ-उतारावर ट्रॅक्टर कोणत्या गिअरमध्ये चालवावा?

गिअरचं आधी उरकतो. चढ लागायच्या आतच लो गिअर घ्या, मध्यावर बदलू नका. ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच गिअरने उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. पण पुढची चाकं जमिनीला टेकलेली असतील, तरच या गिअरच्या गप्पा.

माझी उचलली होती. कमरेएवढा बांध, मागे दोन फाळांचा पलटी नांगर. फाळ बांधाला घासायला लागले म्हणून मी लिफ्ट पुरती वर घेतली आणि तोंड सरळ चढाला लावून क्लच सोडला. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, बॉनेटपुढे नुसतं आभाळ. क्लच दाबला तसं तोंड धाडकन खाली आलं, ट्रॅक्टर मागे घरंगळला आणि नांगर मातीत रुतला म्हणून थांबला. मागे उलटणारा ट्रॅक्टर साधारण दीड सेकंदात पुरता उलटतो, आणि पाऊण सेकंद गेलं की चालकाच्या हातात काही उरत नाही. माझा पाय वेळेत पडला यात हुशारी कसली?

थोरला भाऊ बांधावर उभा होता. दादा आजही चारचौघांत सांगतो, "यानं क्लच झटक्यात सोडला." सोडला असेल! पण तोंड खाली दाबून ठेवणारी पुढची लोखंडी वजनं कोणी काढून ठेवली होती? टायर झिजतात म्हणून त्यानेच. अवजार उचललेलं असताना एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या एक्सलवर हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरवून चाक वळतं, ट्रॅक्टर नाही. हे तो कोणालाच सांगत नाही.

तेव्हापासून उभा चढ असला की मी रिव्हर्समध्ये चढवतो. जड बाजू वरच्या अंगाला राहते, तोंड उचलायचा प्रश्नच मिटतो. दादा याला भित्र्याची चाल म्हणतो. म्हणू दे. मागे ट्रॉली असेल तर मात्र हे करू नका, ती आडवी येते. सोपी वाट शोधा.

बाकी, अवजार जमिनीपासून सुटेल इतकंच उचला. रोटाव्हेटर असेल तर बांध ओलांडण्याआधी पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, बंद. आडव्या उतारावर वळायचंच झालं तर उताराच्या बाजूला, आणि अगदी हळू. रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, असेल तर सीटचा पट्टा लावा, नसेल तर लावू नका.

आणि ब्रेकची दोन्ही पेडलं पट्टीने जोडा. त्या दिवशी माझी पेडलं जोडलेली नव्हती. घरंगळताना ब्रेक एकाच चाकाला लागला आणि ट्रॅक्टर तिरका झाला. हे अजून दादाला सांगितलेलं नाही.